फरमार्क पास, मेनूत नापास

ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) लॅपटॉप फरमार्कवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला मुद्दाम पूर्ण ताण देणाऱ्या टेस्टवर, अर्धा तास टिकला म्हणजे झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. आतेभावाचा मुलगा इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, आणि साहेबांनी आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) कार्डाच्या कोअरला +१८० आणि मेमरीला +९०० मेगाहर्ट्झ ठोकून दिलेले. गेम मात्र सारखा क्रॅश. "काका, टेस्टमध्ये तर काहीच होत नाही, गेमच खराब आहे." गेम रिइन्स्टॉल झाला, डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढायचं टूल) ड्रायव्हर साफ करून परत टाकून झाला, जेल रोडवरच्या एका दुकानवाल्याने फॉरमॅट मारायला सांगितलं (त्यांना दुसरं काही सुचतच नाही).

मी विचारलं, क्रॅश नेमका कधी होतो रे? तर म्हणे मारामारीत नाही, मॅप उघडला की, नाहीतर लोडिंग संपता संपता. मग उलगडा झाला.

+१८० म्हणजे एक ठरलेला स्पीड नव्हे, व्होल्टेज आणि क्लॉकचा (कोणत्या व्होल्टेजला किती वेग, याचा) अख्खा कर्व्ह तेवढा वर सरकतो. फरमार्क इतकी वीज ओढतो की कार्ड वॅटच्या मर्यादेला धडकतं आणि स्वतःच कर्व्हवर खाली उतरतं, म्हणजे वरच्या टोकाची परीक्षा होतच नाही. त्यात डेस्कटॉपच्या ३०६० ला १७० वॅट मिळतात, लॅपटॉपवाल्याला कंपनी ठेवेल तसे ६० ते ११५, मग ही धडक अजूनच लवकर बसते. मेनूमध्ये काम हलकं, कार्ड गार, वॅट शिल्लक, त्यामुळे क्लॉक सरळ टोकाला जातो आणि तिथेच फाटतं. भेरूघाट पहिल्या गिअरमध्ये चढून गाडी बायपासवर शंभरला थरथरते का ते कसं कळणार!

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांची नोंदवही) बघितलं तर सिस्टम लॉगमध्ये ४१०१ च्या नोंदी, डिस्प्ले ड्रायव्हर उत्तर देईना म्हणून रिकव्हर केला अशा. विंडोज जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) साधारण २ सेकंद वाट बघतं, मग ड्रायव्हर रीसेट करतं, आणि गेम बसतो खाली. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगमध्ये) ही वेळ वाढवा असा सल्ला फार फिरतो, पण इथे त्याने स्क्रीन फक्त जास्त वेळ गोठेल, अडखळलेली चिप काही सुधारणार नाही.

मे महिन्यात इंदूरला पंख्यातून नुसती लू येते म्हणून सगळे आधी टेम्परेचरलाच दोष देतात, पण क्रॅशच्या वेळी ओएसडीवर (गेमवरच दिसणाऱ्या आकड्यांमध्ये) ७४ डिग्री होतं, त्या कार्डाला ते काहीच नाही.

आधी सगळं स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) आणून तोच मॅप उघडबंद करायला लावला, गेम हलला नाही. मग नुसती मेमरी वाढवली, तरी ठीक, म्हणजे गुन्हेगार कोअर. (मेमरी जास्त ताणली तर कधी कधी क्रॅश न होता फ्रेम्सच घटतात, म्हणून +९०० वरून ती पण खाली आणली.) आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल एफ दाबून कर्व्ह उघडला, ८५० मिलिव्होल्टचा ठिपका १७७० मेगाहर्ट्झवर नेला आणि त्यापुढचे सगळे ठिपके त्याच उंचीवर सपाट. आता मेनू असो की मारामारी, क्लॉक त्याच्या वर जातच नाही, आणि वॅट कमी लागतात म्हणून भरगच्च सीनमध्ये उलट जास्त टिकतो. हे आकडे त्याच्या चिपचे आहेत, तुमची वेगळं बोलेल. आणि विंडोजसोबत सेटिंग लागू करायचा तो स्टार्टअपचा पर्याय, तो मात्र पंधरा दिवस खेळून होईपर्यंत बंदच ठेवा, नाहीतर कर्व्ह चुकला तर डेस्कटॉपच धड उघडणार नाही आणि सेफ मोडमध्ये शिरून आफ्टरबर्नर काढत बसाल.