गोदामासाठी रबरी फ्लोअरिंग निवडताना: चाकणमधला माझा अनुभव

चाकणच्या आमच्या गोदामात गाड्यांचे सुटे भाग येतात, पॅक होतात आणि पुढे जातात. पॅकिंगच्या टेबलांपाशी बहुतेक बायकाच आहेत. आठ-आठ तास कोब्यावर उभं राहून त्यांच्या टाचा आणि कंबर दुखते. एका ताईंनी खोक्याचा पुठ्ठा दुमडून पायाखाली घेतलेला पाहिला आणि मी मालकांकडे रबरी फ्लोअरिंगचा विषय काढला. त्यांनी लगेच होकार दिला. पण टेबलांच्या कडेने जाणारा पट्टा फोर्कलिफ्ट आणि पॅलेट ट्रॉल्यांचाही (पॅलेट म्हणजे माल रचायचा पाट, तो उचलून नेणाऱ्या हाताने ढकलायच्या ट्रॉल्या) रस्ता आहे. पायाला सुखाचं वाटणारं रबर चाकाखाली कितपत टिकेल, हाच खरा प्रश्न होता.

भोसरीपासून तळेगावपर्यंत ज्या ज्या विक्रेत्यांशी बोललो, त्यांनी आधी विचारलं, "किती एमएम पाहिजे?" जाड म्हणजे टिकाऊ, असाच सगळ्यांचा सूर. आमच्या फोर्कलिफ्टवरच्या काकांनी मात्र वेगळंच सांगितलं. म्हणाले, "साहेब, माझ्या गाडीचं सोडा. त्या ट्रॉलीचं चाक बघा."

त्यांचं म्हणणं हिशेबाने पटतं. तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन साधारण चार-साडेचार टन असतं आणि माल उचलला की त्यातलं बहुतेक वजन पुढच्या चाकांवर येतं. पण ती चाकं मोठी, रुंद आणि रबराची. पॅलेट ट्रॉलीचे फाट्याखालचे रोलर जेमतेम ८० मिलिमीटर व्यासाचे, त्यातून आमच्याकडचे कडक नायलॉनचे. टन-दीड टनाचा भार त्यांच्या खालच्या एवढ्याशा जागेवर येतो. मऊ, जाड रबरात ते रुततात, चाकापुढे रबराची लाट उठते आणि दर फेरीला खालचा चिकटवलेला थर ओढला जातो. ट्रॉली ढकलणाऱ्या मुलाची दमछाक होते ती वेगळीच. चाकांच्या रस्त्यावर म्हणूनच घट्ट, कडक आणि बेताच्या जाडीचं रबर हवं. कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. तेव्हापासून मी एमएमच्या आधी शोअर विचारायला लागलो.

झिजेचा आकडाही मागितला. आयएसओ ४६४९ या चाचणीत ठरावीक घर्षणानंतर किती घन मिलिमीटर रबर गेलं ते मोजतात. आकडा जितका कमी तितकं चांगलं. एका ठिकाणी टिकाऊपणाचा पुरावा म्हणून आयएस १५६५२ चं प्रमाणपत्र पुढे आलं. ते विजेच्या पॅनेलसमोर टाकायच्या इन्सुलेटिंग मॅटचं मानक आहे. तिथे ते अत्यावश्यकच आहे, पण चाकांखाली रबर किती टिकेल हे त्यावरून कळत नाही.

तेलाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हायड्रॉलिक तेलाचा थेंब कुठे ना कुठे पडतोच. नैसर्गिक रबर आणि एसबीआर, ईपीडीएम ही कृत्रिम रबरं अशा खनिज तेलात फुगतात. नायट्राइल हे कृत्रिम रबर त्याला चांगलं तोंड देतं, पण महाग पडतं. मी प्रत्येक नमुन्याचा तुकडा रात्रभर तेलात बुडवून ठेवला आणि सकाळी मापला. फरक बोटांनाही कळत होता. मग उरलेले नमुने कोब्यावर चिकटवले आणि भरलेली ट्रॉली त्यांच्यावर जागच्या जागी वळवली. सरळ जाण्यापेक्षा असं वळण रबराला जास्त ओरबाडतं. नमुना नुसता ठेवून ही चाचणी करू नये. तो सरकतो आणि काहीच कळत नाही.

कोब्याची तपासणी कुणी टाळू नये, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर. जमिनीलगतच्या कोब्यातून ओल वर येते आणि चिकटवलेलं रबर सुटतं. सोपी चाचणी अशी: सुमारे दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करायचं आणि किमान १६ तासांनी उचलून बघायचं. खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर थांबायचं. आमच्याकडे डॉकजवळ, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागी, ओल निघाली, म्हणून काम दिवाळीनंतर घेतलं. त्याआधी वरचा भुसभुशीत सिमेंटचा थर घासून काढला आणि धूळ व्हॅक्यूमने ओढली.

शेवटी एकच रबर सगळीकडे टाकायचा विचार सोडला. मुख्य रस्ता ट्रायमिक्सचा, म्हणजे जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून घट्ट केलेल्या काँक्रीटचा आहे, तो तसाच ठेवला. तिथे रबराची गरज नाही. टेबलांकडेचा पट्टा आणि डॉकपुढची जागा इथे कडक नायट्राइल, दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) अॅढेसिव्हने पूर्ण चिकटवलेलं. ताईंच्या पायाखाली वेगळ्या जाड, मऊ मॅट, उतरत्या कडांच्या, म्हणजे पाय अडकत नाही. त्यांच्यापुढे पिवळी पट्टी मारली आहे. तिच्या आत कोणतंही चाक जायचं नाही. ट्रॉल्यांचे नायलॉनचे रोलरही पॉलियुरेथेनचे करून घेतले. माझ्या मते रबराइतकंच महत्त्व या बदलाला आहे.

चिकटवल्यावर ७२ तास त्यावर चाक जाऊ दिलं नाही. डिस्पॅचवाल्यांनी घाई केली तेव्हा मालक स्वतः मध्ये पडले. भरलेला पॅलेट रबरावर रात्रभर उभा ठेवायचा नाही, कारण दाबाचा खळगा राहतो, हे दोन्ही शिफ्टना सांगितलं आहे. त्याच लॉटच्या रबराच्या काही लाद्या बाजूला ठेवल्या आहेत. दर महिन्याला मी आणि काका मिळून सांधे तपासतो. कुठे कड उचललेली दिसली, तर त्याच दिवशी ती लादी काढून नव्याने चिकटवतो.