उभीच तर आहे!

"गाडी उभीच तर आहे, तिला काय होणार?" शेजारचे काका सहज म्हणाले. मी तेव्हा कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येणारी आमची गाडी, हिवाळाभर उभी ठेवायची म्हणून तिच्या टाकीतलं पाणी काढत होतो. हसलो फक्त. पण दिवसभर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण टाकी पार रिकामी झाल्यावरही सिंकच्या नळाचा दांडा गरम आणि गारच्या बरोबर मध्ये धरला, तर आतून गुळणी टाकावी तसं चमचाभर पाणी आलं. एवढंसंच. पण पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं आणि अडकलेल्या चमचाभर पाण्यालाही नळ तडकवायला तेवढं पुरतं. म्हणून नळ हिवाळाभर तसेच मधोमध उघडे ठेवायचे. गीझरही रिकामा करायचा, तो हमखास विसरला जातो.

बॅटरीचं तर उलटंच, ती भरलेलीच हवी. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र शून्याच्या थोडंसं खाली गेलं तरी गोठू शकते. आणि ती उतरते कशाने? नुसती उभी राहून!

बाकी गाद्या उभ्या करून ठेवल्या, फ्रिजचं दार किलकिलं ठेवलं. बंद फ्रिजला जो वास धरतो, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

चालत्या गाडीची कुरकुर निदान ऐकू तरी येते. उभी गाडी गुपचूप बिघडते आणि आपल्याला कळतं ते थेट उन्हाळ्यात.

तुमच्यापैकी कोणी भर थंडीतही व्हॅन घेऊन बाहेर पडतं का? पाण्याचं कसं जमवता?