बातमीवर नाव आणि फायलीवर सही

परवा आमच्या जुन्या न्यूजरूमच्या ग्रुपवर बातमी पडली, की इतकी वर्षं मंत्रालय बीट केलेला, म्हणजे तिथल्याच बातम्या करणारा आमच्यातलाच एकजण एका मंत्र्यांकडे मीडिया सल्लागार म्हणून जॉइन झाला. अर्ध्या लोकांनी फुलांचे गुच्छ टाकले, उरलेले गप्प, आणि पर्सनल चॅटवर मात्र 'गेला एकदाचा!' सुरू. मला या 'विकला गेला' टाइप बोलण्याचा आता कंटाळा आलाय. पत्रकार सरकारात जाणं यात नवीन काहीच नाही, प्रश्न एवढाच की तो आत जाऊन नेमक्या कुठल्या खुर्चीत बसतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

सल्लागार किंवा प्रवक्ता हे पद मला सगळ्यात वाया घालवणारं वाटतं. संजय बारू २००४ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे माध्यम सल्लागार झाले, त्याआधी ते फायनान्शियल एक्स्प्रेसचे संपादक होते. म्हणजे ज्याने आयुष्यभर विचारलं 'हे असं का?', त्याने आता सांगत बसायचं 'हे असं का ते'. माणूस हुशार असेल तर ते कामही नीट करतो, पण त्यासाठी पत्रकारच कशाला हवा, चांगला पीआरवाला चालतो की.

कुलदीप नय्यर यांची कथा याहून भारी आहे, कारण ते आत गेले, बाहेर आले आणि परत आत गेले. आधी उर्दू पेपरात, मग गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना त्यांच्याकडे प्रेसचं काम, तिथून यूएनआय ही वृत्तसंस्था. १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर यूएनआयवरून त्यांनी बातमी सोडली की मोरारजी देसाई पंतप्रधानपदाच्या शर्यतीत उतरलेत, आणि इतक्या लगेच दावा ठोकला म्हणून लोक मोरारजींवरच नाराज झाले. मोरारजींच्या माणसांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की हे शास्त्रींसाठी मुद्दाम केलं. नय्यर म्हणायचे तसा हेतू नव्हता. असेलही नसेल, पण कालपर्यंत शास्त्रींकडे नोकरी केलेल्या माणसाने ती बातमी दिली म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? परत आलेल्या पत्रकाराच्या प्रत्येक बातमीला हा वास लागतो. पुढे आणीबाणीत ते तुरुंगात गेले, १९९० मध्ये ब्रिटनमध्ये उच्चायुक्त झाले, १९९७ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले, ते सगळं असो.

पण खरा फरक कळतो तो सही करायची वेळ आली की. अरुण शौरी इंडियन एक्स्प्रेसमध्ये असताना १९८१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टचं प्रकरण बाहेर आलं, सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात देणग्या, आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. बातमीचं बरं असतं, छापून आली, गाजली, दुसऱ्या दिवशी रद्दीत. हेच शौरी पुढे वाजपेयी सरकारात निर्गुंतवणूक मंत्री झाले आणि २००२ मध्ये उदयपूरचं लक्ष्मी विलास पॅलेस हे सरकारी हॉटेल विकलं गेलं. २०२० मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी, जोधपूरच्या सीबीआय कोर्टाने सीबीआयचाच क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करा म्हणणारा अहवाल, बाजूला ठेवून त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं! हायकोर्टाने नंतर स्थगिती दिली ते वेगळं. व्यवहार बरोबर की चूक यात मला पडायचंच नाहीये, पण सरकारी फायलीतल्या टिपणीवरची सही रद्दीत जात नाही हे आपल्या लोकांना कुठल्याही जर्नलिझम कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आता माझा आवडता मुद्दा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहिती आयुक्त, म्हणजे माहिती मिळाली नाही तर ज्यांच्याकडे अपील करता येतं ते, कोण होऊ शकतो त्या क्षेत्रांची यादी आहे, कायदा, विज्ञान-तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन वगैरे, आणि त्यात पत्रकारिता हा शब्द चक्क लिहिलेला आहे. केंद्रासाठी कलम १२, राज्यांसाठी कलम १५. तरी बहुतेक ठिकाणी निवृत्त सनदी अधिकारीच बसतात. सन्माननीय अपवाद आहेत, सकाळचे संपादक राहिलेले विजय कुवळेकर आपल्याकडे राज्य माहिती आयुक्त होते, केंद्रात २०२० मध्ये उदय माहूरकर आले.

मी एका सुनावणीला नुसतीच बसायला गेले होते, आयुक्त पूर्वीचे पत्रकार (वरच्या दोघांपैकी नव्हे, नाव कशाला घेऊ). अपिलार्थी म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, त्यांना एका रस्त्याच्या डांबरीकरणाच्या एमबीची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेची प्रत हवी होती. जन माहिती अधिकाऱ्याने ठरलेलं वाक्य टाकलं, 'नस्ती (म्हणजे फाइल) आढळून येत नाही'. इथे साधारण काय होतं, तर 'शोधा आणि द्या' असा आदेश निघतो आणि कोणी काही शोधत नाही. आयुक्त साहेबांनी मात्र फायलीचा विषयच सोडला आणि विचारलं, ठेकेदाराचं बिल कधी पास झालं? तारीख लगेच आली. मग एमबी न बघता बिल पास केलंत का? गप्प. बरं, लेखा शाखेत बिल कोणी नेलं, आवक-जावक रजिस्टर आणलंय का? शेजारचा क्लार्क खाली बघून हसला, मी पाहिलं. पाच मिनिटांत एमबी कुठल्या कपाटात असू शकते हे त्या अधिकाऱ्यालाच आठवलं. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळत नाही हो, हे बीटवर चपला झिजवूनच येतं, म्हणजे कागद दिला नाही तर त्या कागदाची सावली दुसऱ्या कुठल्या टेबलावर पडलीये ते शोधायचं.

मला वाटलं आता दंड लावतील. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, थेट अधिकाऱ्याच्या खिशातून, तेवढा अधिकार आहे त्यांना. नाही लावला. आधी कारणे दाखवा नोटीस, खुलासा, मग पुढचं. मी खाली बसून मनातल्या मनात हेडलाइन लावत होते आणि ते वर बसून इतका रटाळ आदेश डिक्टेट करत होते की झोप यावी, एक विशेषण नाही. नंतर चहाला त्यांच्याशी बोलले तेव्हा म्हणाले की अधिकाऱ्याचं ऐकून न घेता दंड ठोकला असता तर तो अधिकारी हायकोर्टात पहिल्या तारखेला दंड उडवून आला असता, आणि आजोबांना एमबी मिळायची राहिली असती. पटलं. थोडी चिडचिड झालीच, पण पटलं.

एक खटकणारी गोष्टही सांगते. राज्यात माहिती आयुक्तांची निवड करणारी समिती म्हणजे मुख्यमंत्री, त्यांनी नेमलेला एक कॅबिनेट मंत्री आणि विरोधी पक्षनेता. म्हणजे ज्यांच्या बातम्या केल्या त्यांच्याच हातात तुमचं नाव, आणि तिघांपैकी दोघे सरकारचे. ज्याने खरंच त्रास दिलाय त्याचं नाव तिथून पुढे सरकेल का, शंकाच आहे. अर्थात अर्जच केला नाही तर सरकणार तरी काय.

म्हणून मागे आयुक्तांच्या जागा निघाल्या तेव्हा ओळखीतल्या एका दांडग्या रिपोर्टरच्या मी मागे लागले होते की दादा तुम्ही अर्ज करा, तुमच्याइतकं तालुक्याचं ऑफिस कोणाला कळतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, माझा रविवारचा कॉलम चालू ठेवता येईल ना? कायदा काढून दाखवला, पदावर असताना दुसरा कुठलाही व्यवसाय करता येत नाही. दादांनी अर्ज केला नाही. कॉलम अजून चालू आहे, चांगला असतो.