घाटात लागणारा लाल दिवा

आमची गाडी २००८ची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. मे महिन्यात वाईला, सासुरवाडीला निघालो होतो. खंबाटकी घाट चढेपर्यंत सगळं ठीक होतं. उतरणीला दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर गोलातल्या उद्गारचिन्हाचा लाल दिवा लागला. पुढच्या वळणावर गेला, मग परत लागला. हँडब्रेक पूर्ण खाली, ब्रेक नेहमीसारखा लागत होता. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू उतरलो. सुरूर फाट्याला पोहोचेपर्यंत दिवा गायब. ‘गेला ना? मग चला आता,’ बायको म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

पुण्यात गॅरेजला नेली तर दिवा लागेचना. दवाखान्याच्या दारात ताप उतरावा तसं. ‘हँडब्रेकचा स्विच असणार साहेब, जुन्या गाड्यांचं असंच,’ म्हणत मिस्त्रीने स्विच साफ करून दिला. चार दिवसांनी कात्रजच्या उतारावर पुन्हा तेच.

रविवारी मग स्वतःच बाह्या सरसावल्या. आमच्या गाडीत या एका दिव्याला दोन स्विच आहेत: एक हँडब्रेकचा, दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीतल्या फ्लोटचा, म्हणजे ऑइलवर तरंगणाऱ्या तुकड्याचा. दोघांपैकी कुणीही दिवा लावू शकतो. हँडब्रेकच्या स्विचची वायर काढून तिला टेप गुंडाळली आणि एक चक्कर मारली. दिवा लागलाच. म्हणजे तो बिचारा निर्दोष. मग चावी ऑन करून मुलाला पुढे बसवलं आणि मी बॉनेट उघडून डबीला टिचक्या मारायला लागलो. ‘लागला! गेला! बाबा, परत लागला!’ पातळी मिनिममच्या रेघेला जेमतेम टेकलेली. ऑइल हिंदकळलं की फ्लोट खाली जायचा आणि दिवा लागायचा. घाटातल्या वळणांवर हेच होत होतं. ऑइलचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता.

डॉट ३ची, म्हणजे त्या प्रतीच्या ब्रेक ऑइलची, बाटली आणून ओतली असती तर दिवा त्याच दिवशी बंद झाला असता. तसं करणारही होतो. डिस्कवर घासणारे पॅड झिजले की त्यांना दाबणारे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, तेवढं ऑइल तिकडे जातं आणि डबीतली पातळी उतरते. पण पुढचे पॅड जानेवारीतच बदललेले. मग ऑइल गेलं कुठे?

मोबाइलचा टॉर्च घेऊन चारही चाकांच्या मागे वाकून पाहिलं. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला एक ओघळ होता, त्यावर धूळ बसलेली. बोट लावलं तर पातळ, बुळबुळीत. इंजिन ऑइलचा काळा चिकटपणा नव्हता.

या वेळी दुसरा मिस्त्री गाठला. त्याने ड्रम ठोकून ठोकून काढला. आत लायनरची, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांची, भुकटी ऑइलमध्ये कालवून काळा लगदा झालेला. लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर स्क्रूड्रायव्हरने जरा उचललं तर आतून ऑइल ओघळलं. ‘काका, आणि तुम्ही घाट उतरून आलात?’ एवढंच तो म्हणाला. दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदलले. लायनर ऑइल प्यायले होते, तेही नवेच टाकले.

मग एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा, काढणं. हेल्पर पॅडलवर, मिस्त्री गाडीखाली. ‘मार... मार... धरून ठेव... सोड.’ सुरुवात डबीपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. नळीतून आधी काळपट ऑइल, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. हे ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं, आणि त्याची वाफ झाली की ब्रेक नीट लागत नाही. आमचं शेवटचं कधी बदललं, त्याचं बिल फायलीत सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या उतारावर हँडब्रेक ओढला, तर दिवा लागेचना. पाच मिनिटं घाम फुटला. मग आठवलं, ती टेप गुंडाळलेली वायर जोडायची राहिली होती.