फेरी 4: कंट्रोल बरणीनेच घात केला

धुण्याच्या पुडीतलं मळ काढणारं रसायन म्हणजे लास. जिवाणू तो खातात का, हे मी घरी बरण्यांत तपासतोय: बरणी 2 मध्ये रामनदीच्या दगडावरची बुळबुळ, बरणी 3 जिवाणूंशिवाय, तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल. नमुन्यात मिथिलीन ब्लू हा रंग आणि क्लोरोफॉर्म घालून हलवलं की लासशी जोडी जमवलेला रंग क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो; थर जितका निळा, तितका लास शिल्लक. मागच्या वेळी छाती फुगवून लिहिलं होतं की कुकरमध्ये उकळलेल्या पाण्याची बरणी 3 दहा दिवस ढिम्म राहील. नाही राहिली. सहाव्या दिवशी क्लोरोफॉर्मचा थर जेमतेम आकाशी, आठव्या दिवशी जवळपास रंगहीन. जिवाणू नसलेल्या पाण्यातलाही लास गायब! मग रामनदीच्या दगडावरच्या बुळबुळीला श्रेय द्यायचं कशाचं?

पहिला संशय बोअरच्या जड पाण्यावर. कॅल्शियमबरोबर लासचा साका बसतो. पण तो बसायचा तर पहिल्याच दिवशी बसला असता. काचेला, नळीला चिकटायचा असता तरी तसंच. इथे पाच दिवस रेघ सपाट आणि मग घसरगुंडी. ही चाल जिवंत गोष्टीचीच.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग आठवलं, प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, नेहमीप्रमाणे वीज गेली होती. सगळ्या बरण्यांना हवा देणारा एकच पंप जमिनीवर, बरण्या टेबलावर. पंप थांबला तसं बरणी 2 चं पाणी हवेच्या नळीतून खाली ओढलं गेलं, चौवाटी जोडणीत साचलं आणि वीज आल्यावर फुर्रकन बरणी 3 मध्ये. मत्स्यालयाच्या दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, पंप वर ठेवा, नाहीतर चेक व्हॉल्व्ह न्या." पाणी उलटं येऊ न देणाऱ्या त्या झडपेचे वीस रुपये वाचवले मी.

त्याच दुकानातलं मिथिलीन ब्लू मात्र घेऊ नका, ते माशांचं औषध आहे. माझे आकडे रोज वेगळे यायचे. प्रयोगशाळेची पूड आणल्यापासून शांतता. लाससाठी फिनेलच्या कच्च्या मालवाल्याकडची ॲसिड स्लरी (लासचंच आम्लरूप) कॉस्टिकने उदासीन करून वापरतोय. धुण्याच्या पुडीत सोडा न् काय काय असतं.

आता गोड बातमी. बरणी 2 ने लिटरला 10 मिलिग्रॅमचा पहिला डोस पाच दिवसांत संपवला होता, तेवढाच दुसरा दीड दिवसात! पहाटे दोनदा हलवून पाहिलं, खालचा थर स्वच्छ. मात्र निळा रंग गेला म्हणजे रेणू संपला असं नाही. लासच्या रेणूला कार्बनची लांब शेपटी असते. तिच्या टोकाला ऑक्सिजन लावून जिवाणू दोन-दोन कार्बन तोडत जातात. शेपूट आखूड झाली की निळी जोडी क्लोरोफॉर्ममध्ये उतरत नाही, पण बेंझिनचं कडं आणि सल्फोनेट पाण्यातच असतं. पार्विबाक्युलम लावामेंटिवोरान्स नावाचा जिवाणू तर तिथेच थांबतो. पुढचं काम दुसऱ्या जिवाणूंचं.

पुढच्या फेरीला प्रत्येक बरणीला वेगळा पंप घेणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, अपघात हाच प्रयोग आहे की! शिरलेल्या पाण्याला कामाला लागायला तीन दिवस लागले. मग बरणी 2 चा मुद्दाम एक थेंब, दहा थेंब, शंभर थेंब टाकून ही सुस्ती किती कमी होते ते मोजू. पंप रद्द. अर्ध्या भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटल्या, कापसाचा बोळा, सकाळ-संध्याकाळ हाताने हलवणं.

सहा बाटल्या कुकरमधून निघून ओट्यावर गार होताहेत. येत्या गुरुवारी वीज खुशाल जाऊ दे.