ड्रममधलं ताक

परवा आमच्या बचतगटातल्या मावशींचा फोन आला, "अगं, हँडवॉशला फेसच येईना." जाऊन पाहिलं तर ड्रमभर ताक घुसळल्यासारखं पांढरं. जंतूही मरावेत म्हणून त्यांनी एसएलईएसच्या, म्हणजे फेस आणणाऱ्या साबणद्रव्याच्या, द्रावणात बीकेसी हे जंतुनाशक ओतलं होतं.

मला फार हळहळ वाटली, कारण हेतू चांगला होता आणि माल महागाचा. एसएलईएसच्या रेणूचं डोकं ऋणभारित, बीकेसीचं धनभारित. दोघं असे बिलगतात की पाण्याला धरून ठेवणारा भारच उरत नाही आणि जोडी साका होऊन बाहेर पडते. फेस गेलाच, शिवाय जंतू मारणारं बीकेसीही त्यात अडकून पडलं.

पण ही ओढ वाईट नाही, हे मला मावशींना पटवायचं होतं. एसएलईएसचा चुलतभाऊ एसडीएस घ्या. एकटा असला तर लिटरमागे साधारण 2.4 ग्रॅम झाल्यावर त्याचे रेणू पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, डोकी बाहेर करून गोळे बांधू लागतात. हेच मायसेल. विरुद्ध भाराचा जोडीदार मिळाला की ही मर्यादा शंभरपटीहूनही खाली येऊ शकते. रसायनशास्त्रज्ञ रूबिंघ यांनी 1979 मध्ये या ओढीला बीटा नावाच्या एका आकड्यात बांधलं. आकडा जितका उणे, तितकी ओढ जास्त. आपल्याला हवी मधलीच ओढ.

ती देतो सीएपीबी हा सौम्य फेसकारक. त्याच्या एकाच डोक्यावर धन-ऋण दोन्ही भार असतात, म्हणून तो एसएलईएसच्या दोन डोक्यांमध्ये शिरतो आणि त्यांची आपसातली ढकलाढकली कमी करतो. पाण्याच्या पृष्ठभागावर रेणू दाटीने बसतात, फेसाचा पापुद्रा टिकतो. आत गोळ्यांचे लांब दोरे होतात, ते एकमेकांत गुंततात आणि पाणी दाट होतं. हातही कमी कोरडे पडतात, हे तर बायकांनीच मला सांगितलं.

मग आम्ही दहा लिटरचा नवा घाणा घातला: एक किलो एसएलईएस पेस्ट, तीनशे ग्रॅम सीएपीबी. बीकेसी नाही, घरात हात नीट वीस सेकंद चोळले की पुरतं. टिकण्यासाठी फिनॉक्सीइथेनॉल. दाटपणासाठी मीठ, तेही चमचा चमचा, कारण एका हद्दीपलीकडे तेच दाट द्रावण पुन्हा पातळ होतं. मावशी दांडा फिरवत होत्या. सातव्या चमच्याला दांडा जड झाला आणि त्या म्हणाल्या, "आता पुरे."