काहिलीसमोर कॅमेरा: गुळाच्या ऑनलाइन कोर्समध्ये काय ठेवलं, काय काढलं

गुळाचा भाव रंगावर ठरतो, आणि मोबाइलचा कॅमेरा नेमका रंगातच फसवतो. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर आमच्या ऑनलाइन कोर्सचं चित्रण करताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो यातच. चुलवाणाचा जाळ, वरची ट्यूब आणि दारातून येणारं ऊन असे तीन उजेड एकत्र आले की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय, प्रत्येक शॉटला बदलतो. तोच गुळाचा रवा, म्हणजे ढेप, एकदा केशरी दिसतो, एकदा काळपट. मग शिकणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

आम्ही ट्यूब बंद केली, गुळाशेजारी पांढरा कागद धरून प्रो मोडमध्ये, म्हणजे हातानं करायच्या सेटिंगमध्ये, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावं ते) दोन्ही लॉक केले. चांगला, मध्यम आणि काळा गूळ दाखवायचा तर तिन्ही रवे एकाच फोटोत शेजारी ठेवावेत. वेगवेगळ्या तीन फोटोंची तुलना होत नाही.

काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, वाकून शूटिंग करू नका. लेन्सवर वाफ बसते आणि फोनही तापतो. वारा पाठीशी घेऊन, चार-पाच फुटांवर उभं राहून दोन पट झूम पुरतो.

आता संगीत. पहिल्या एडिटमध्ये सगळीकडे बासरी होती. ऐकायला गोड, शिकायला निरुपयोगी. रस आटत आला की उकळीचा आवाज बदलतो, पातळ रटरट जाऊन जड खदखद सुरू होते. गूळ शिजवणारा गुळव्या डोळ्यांइतकाच कानांनी अंदाज घेतो. बासरीनं तोच आवाज झाकला. शिकवण्याशी संबंध नसलेलं पार्श्वसंगीत लक्षात राहणं कमी करतं, असं शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतही दिसलं आहे. शेवटी फक्त सुरुवातीला पाच सेकंद हलगी ठेवली. निवेदनाखाली संगीत हवंच असेल तर ते आवाजापेक्षा किमान २० डेसिबलनं खाली ठेवा.

हलगीसुद्धा कुठूनही उचलली नाही. जुनी, पारंपरिक चाल सगळ्यांची असली तरी तिच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून स्थानिक वादकाकडून वाजवून घेतली आणि कागदावर लेखी परवानगी घेतली. फोटोंचंही तसंच: क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे मालकानं अटींवर वापरायला खुलं केलेलं, चित्र म्हणजे फुकटचं चित्र नव्हे. त्यात 'एनसी' (व्यापारी वापर नको) असेल तर फी घेणाऱ्या कोर्सात ते वापरू नये, आणि 'एनडी' (बदल नको) असेल तर बदल करून पुढे देता येत नाही.

घाण्याचा गोंगाट चालू असताना निवेदन घेण्याचा मोह टाळा. तिथला आवाज वेगळा मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायचा, निवेदन घरात गाद्या-गोधड्यांच्या खोलीत कॉलर माइकवर. पडद्यावर लिहिलेलं वाक्य शब्दशः वाचूही नका. डोळे आणि कान एकाच कामावर अडकतात. पडद्यावर पाक उतरवायच्या तापमानाचा '११८ अंश' (सेल्सिअस) एवढाच आकडा, आणि निवेदनात तो का महत्त्वाचा ते सांगायचं: त्याच्या बराच आधी उतरवलं तर काकवी राहते, जास्त तापलं तर गूळ करपून काळा पडतो.

आकाराचं भान ठेवावं लागतं, कारण शिकणारे शेतातून मोबाइल डेटावर बघतात. फोनचा मूळ फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. १२८० पिक्सेल रुंदीवर, ८० टक्के जेपीजी गुणवत्तेत तो काही शे केबीवर येतो. आकृत्या मात्र पीएनजीतच, नाहीतर अक्षरांच्या कडा फुटतात. ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांच्यासाठी ६४ केबीपीएस मोनो एमपी३ ठेवला, दहा मिनिटांना पाच एमबीच्या आत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फोनवर जंतरमंतर दिसतो, म्हणून सगळं युनिकोडमध्ये.

आपोआप तयार होणाऱ्या मराठी सबटायटल्सवर विसंबू नका. आमच्या 'काहिलीत'चं 'काही लीत' झालं, उकळत्या रसावर येणाऱ्या 'मळी'चं 'माळी'. प्रत्येक ओळ हातानं तपासली.

पाक तयार झाला का ते बघायच्या गोळीचा शॉट शेवटी सगळ्यात साधा ठेवला: पितळी वाटीत गार पाणी, त्यात पाकाचा थेंब, बोटांनी वळलेली गोळी. निवेदन नाही, संगीत नाही, बारा सेकंद. गोळी वाटीच्या कडेला आपटल्यावर टण्ण आवाज येतो, तो स्पष्ट यावा म्हणून माइक वाटीपासून एका वितीवर धरला होता.